वाणाच्या कवड्या

संक्रांतीच्या वाणासाठी सासूबाईंनी दिलेले पैसे मी अंदमानात एका होडीवर खर्च केले, ही गोष्ट घरात प्रथम कळली ती वासामुळे. मी स्वतः सांगणार होतेच. पण सांगायच्या गोष्टी मी नेहमीच एक दिवस उशिरा सांगते.

लग्न झाले तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते आणि कंधारच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. माहेर नांदेडचे, शिक्षकाचे. सासर लातूरचे, गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत दुकानदाराचे. माझे पती नव्या जिल्ह्याच्या कचेरीत होते. जिल्हा होऊन फार काळ लोटला नव्हता. छापील कागदांवरचे जुन्या जिल्ह्याचे नाव खोडून त्यावर शाईने नवे नाव लिहिणे हा त्यांच्या कामाचा एक भागच होता. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. आडतीवर माल येत नव्हता आणि नळाला आठव्या दिवशी पाणी येत होते. आमचे लग्नही त्यामुळे थोडक्यात उरकले होते.

अशा वर्षी नवरा-बायकोने अंदमानला जावे, हे कोणालाच पटण्यासारखे नव्हते. परंतु पतींचे एक वर्गमित्र तिथल्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. डिसेंबरात ते महिनाभर दुसऱ्या बेटावर कामाला असणार होते आणि पोर्ट ब्लेअरचे त्यांचे क्वार्टर रिकामे राहणार होते. राहण्याचा खर्च नाही, म्हणजे उरले फक्त जाण्या-येण्याचे भाडे. घरात तोवर कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. पतींनी वडिलांपुढे हा विषय काढला तेव्हा सासऱ्यांनी एवढेच सांगितले, "जावा. पन दुकानातला एक पैसा लागू द्यायचा न्हाई."

सासूबाईंनी मात्र मला स्वयंपाकघरात बोलावून रुमालात बांधलेले पैसे हातावर ठेवले.

"मद्रासला ष्टीलच्या वाट्या लई सस्त्या भेटतात म्हणं. साठ आण. पहिली संक्रांत हाय तुजी. गल्लीतल्या बाया वाट बघून राहिल्यात, शिकलेली सून काय लुटती म्हून."

त्या बायकांच्या उत्सुकतेचा अर्थ मला ठाऊक होता. तिशी उलटल्यावर लग्न झालेल्या, पगार मिळवणाऱ्या मुलीला संसार जमतो का, याची ती परीक्षा होती आणि तो पेपर साठजणी तपासणार होत्या. नापास झाले असते तर माझ्यापेक्षा सासूबाईंनाच अधिक ऐकून घ्यावे लागले असते, कारण मला पसंत त्यांनी केले होते.

आम्ही सोलापूरपर्यंत बसने, तिथून मद्रासपर्यंत रेल्वेने आणि पुढे जहाजाने गेलो. जहाजातला वर्ग सर्वांत खालचा होता. सोबत एका डब्यात ज्वारीच्या कडक भाकरी होत्या, ज्या पंधरा दिवस सहज टिकतात, आणि दोन बरण्या शेंगदाण्याची चटणी. जहाजावरच्या जेवणाच्या खोलीतून मासळीचा वास येई, त्यामुळे तिथे न जाण्यात काटकसर किती आणि सोवळे किती, हे वेगळे काढता आले नसते. माझे पती रोज सकाळी पेलाभर पाणी घेऊन एका कोपऱ्यात गळ्यातल्या लिंगाची पूजा करत, कपाळाला विभूती लावत आणि मग आम्ही भाकरी मोडून खात असू. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. तीन दिवसांत मुख्यतः हवामानाविषयी बोलणे झाले.

क्वार्टरमध्ये आम्ही खिचडी शिजवली आणि सगळीकडे पायी हिंडलो. केळी तेवढी विकत घेतली, तीही चौथ्या दिवशी. अर्धापूरच्या केळ्यांवर वाढलेल्या मला केळ्यांना तो भाव देणे जिवावर आले होते. क्वार्टरच्या खिडकीत एका बशीत चार कवड्या ठेवलेल्या होत्या, तपकिरी ठिपक्यांच्या आणि तुकतुकीत. शेजाऱ्यांनी सांगितले की पलीकडच्या लहान बेटावर त्या ओहोटीच्या वेळी हव्या तितक्या मिळतात. मात्र तिथे होडीने जावे लागते.

"होडी परवडायची नाही," पती म्हणाले.

"वाणाला वाट्यांऐवजी कवड्या दिल्या तर?" मी म्हणाले. "तुळजापूरच्या देवीच्या असतात. सवाष्णीला वाटीपेक्षा कवडी चांगलीच की. मग वाट्यांचे पैसे होडीला देता येतील."

"आईला चालेल?"

"तुम्ही विचारून बघा."

"इथून?" ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. त्या प्रवासात आम्ही दोघे एकाच वेळी हसलो, ते बहुधा तेव्हाच पहिल्यांदा.

धक्क्यावर त्या दिवशी आमच्याखेरीज उतारू नव्हते. होडीवाला म्हणाला, "आठ आदमी का किराया है साहब. दो बैठो या आठ." घासाघीस करणे पतींना जमले नाही. मला तर कधीच जमलेले नाही. सासूबाईंचा रुमाल तिथेच रिकामा झाला.

बेटावर आम्ही दोन-अडीच तास होतो. वाळूत पडलेल्या कवड्या फिक्या होत्या, झिजलेल्या, भोके पडलेल्या. खडकांमधल्या उथळ पाण्यातल्या मात्र अशा चमकत होत्या की कोणी आताच तेल लावून ठेवल्या असाव्यात. मी तुकतुकीत तेवढ्या वेचल्या. उचलताना एकीच्या फटीतून काहीतरी मऊ आत सरकल्यासारखे बोटाला जाणवले. ते पाणी असावे, असे मी ठरवले. ठरवले हाच शब्द बरोबर आहे. बोटाला तसे जाणवले नव्हते. एकसष्ट कवड्या झाल्यावर आम्ही थांबलो. होडीवाला माझ्या पिशवीत डोकावून म्हणाला, "सब चमकने वाले ही लिए आपने!" मला ते कौतुक वाटले.

परतीच्या जहाजावर काही कळले नाही. कवड्या जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या होत्या. रेल्वेत वास येऊ लागला, तेव्हा तो शेजारच्या उतारूंच्या टोपलीचा असेल असे आम्ही धरून चाललो. सोलापुरात ते उतारू मागे राहिले. वास आमच्याबरोबर लातूरच्या बसमध्ये चढला.

"कोन सुकट घेऊन बसलंय वो?" मागच्या बाकावरून एक बाई ओरडली. "जीव घुसमटून राहिला की!"

कंडक्टर एकेका बाकाखाली वाकत आमच्यापाशी आला. त्याने ट्रंकेकडे पाहिले, मग पतींच्या कपाळाकडे पाहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मालक, कपाळाला इभूत अन् पेटीत बोंबील?"

"आम्ही खात नाही," पती म्हणाले.

"खाता तर खावा वो," पुढचे एक पागोटेवाले म्हातारे मान वळवून म्हणाले. "लपवून कशाला?"

"खरंच खात नाही."

"मंग कुनासाठी न्हेऊन राहिलाव?"

माझे पती खोटे बोलत नसत. गोंधळले की तर मुळीच नाही. ते म्हणाले, "आईसाठी."

सगळी बस हसली. "मायसाठी!" मागची बाई म्हणाली, "लई गुनाचं लेकरू हाय!" ट्रंक टपावर गेली. उरलेला रस्ता आम्ही खिडकीबाहेर पाहत होतो. बाहेर करपलेली रानेच होती, तरी नजर हटवण्याची सोय नव्हती.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी पाणी दिले आणि लगेच विचारले, "वाट्या?" तेवढ्यात ट्रंकेचा वास ओसरीभर पसरला. ट्रंक मागच्या परसात नेऊन उघडावी लागली. साडीची गाठ सोडली तेव्हा कवड्या वरून तशाच सुंदर दिसत होत्या. प्रत्येकीच्या फटीत काळसर काहीतरी विरघळले होते.

"हे काय हाय आत?" सासूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या.

"जीव होता, आत्याबाई," मी म्हणाले. "मला वाटलं, नुसत्या कवड्या आहेत."

"अन् वाट्या?"

"आणल्या नाहीत. पैसे नावेला गेले. वाणाला याच द्यायच्या होत्या." मग मी म्हणाले, "माझ्या पगारातून आणते मी वाट्या."

"तुजा पगार काय येगळा हाय का?"

सासरे दाराशी येऊन उभे राहिले होते. आमच्या घरात अंडेसुद्धा कधी आले नव्हते. त्यांनी वाकून पाहिले आणि विचारले, "किती हायेत?"

"एकसष्ट," मी म्हणाले.

त्यांनी तो आकडा तोंडातल्या तोंडात एकदा म्हटला. "माती द्या," ते म्हणाले आणि आत गेले. आमच्यात माणसालाही मातीच देतात, त्यामुळे या शब्दांत राग किती आणि रीत किती, ते मला ठरवता आले नाही.

पतींनी कुदळ घेतली. जमीन इतकी वाळली होती की हातभर खड्ड्याला तास लागला. कवड्या मी एकेक करून आत ठेवल्या. पुढे अनेक वर्षांनी एका पुस्तकात वाचले की कवडीतला प्राणी आपल्या अंगाची मऊ घडी बाहेरून कवचावर पांघरतो, आणि तो जिवंत असतो तोवरच तिच्यावर अशी चमक राखली जाते. म्हणजे मी चमक पाहून निवडल्या, आणि निवडल्या म्हणूनच त्या मेल्या. अकरा वर्षे मी मुलांना प्रवाळाचे चित्र फळ्यावर काढून दाखवले होते. त्या चित्रात खडक, पाणी आणि बाण होते.

खड्डा बुजवल्यावर अंघोळ करणे भाग होते. सासूबाईंनी रांजणातून दोन बादल्यांत पाणी काढले, प्रत्येकी अर्धी बादली. नळाला यायला अजून पाच दिवस होते. काढताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिले नाही; तांबे मोजण्याकडे लक्ष होते.

संक्रांत चार दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "वाण गुळाचं देऊ. दुकानात जा अन् मामांना माग. तूच माग."

सासऱ्यांशी मी तोवर चार वाक्येही बोलले नव्हते. पदर सावरून दुकानाच्या पायरीशी उभी राहिले. दुकानात दोन शेतकरी बसले होते, त्यामुळे मला शब्द आणखी कमी सुचले.

"मामा, गूळ पाहिजे होता. वाणाला."

"किती?"

"साठजणी आहेत. एकेक खडा."

दुकानातला एक पैसा लागू द्यायचा नाही, ही त्यांची अट माझ्या डोक्यात होती; त्यांच्याही असणार. त्यांनी ढेप पुढे ओढली आणि स्वतः फोडायला बसले. खडे एकसारखे व्हावेत म्हणून मोठा वाटलेला तुकडा ते पुन्हा फोडत. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "गूळ बरा. खाऊन तरी टाकतात."

संक्रांतीला बायका आल्या. मी हळदी-कुंकू लावत होते, तिळगूळ देत होते आणि ओटीत गुळाचा खडा घालत होते. सगळ्यांचे डोळे माझ्या ताटावर होते. अखेर समोरच्या घरातल्या काकूंनी विचारलेच, "काय वो, सून समुद्रापल्याड जाऊन आली अन् वाण गंजातल्या गुळाचं?"

माझा हात कुंकवाच्या करंड्यातच राहिला. खरे काय ते सांगायला सासूबाईंना एकच वाक्य पुरले असते, आणि त्या वाक्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

"समुद्रात मीठ असतंय बाई," सासूबाई म्हणाल्या. "सणाला मीठ घालू का तुज्या ओटीत?"

बायका हसल्या. काकूही हसल्या आणि त्यांनी गुळाचा खडा पदरात नीट बांधून घेतला.

दिवस कलला तशा बायका पांगल्या. सासूबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या. ताटात थोडे खडे उरले होते. मी करंडा उचलून आत जाऊ लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "बस."

मी बसले.

"नावेला किती घेतलं त्यानं?"

"तुम्ही दिलेले सगळे."

"कमी कर म्हनलं न्हाईत?"

"त्यांना जमलं नाही. मलाही नाही."

"दोघं सारखेच." त्यांनी एक खडा तोंडात टाकला. "मंग काय दाखवलं एवढ्याला?"

मी सांगू लागले. पाणी इतके नितळ होते की होडीची सावली तळावर दिसत होती आणि ती आपल्याबरोबर चालत होती. तळाशी फुलकोबीसारखे, हरणाच्या शिंगांसारखे दगड होते, आणि ते दगड नव्हते. निळे मासे पायांमधून गेले. झाडे अगदी लाटांपर्यंत उतरली होती आणि दोन तास माणूस म्हणून कोणी दिसला नाही. त्यांनी मध्येच विचारले, मासे चावले का. चावले नाहीत. पाणी कुठवर होते. मांडीपर्यंत. तो उतरला का पाण्यात? उतरले, पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडून, चपला हातात धरून. लेकाचे हे चित्र डोळ्यांपुढे आणून त्या बराच वेळ हसत राहिल्या. मी इतका वेळ सलग त्यांच्याशीच काय, सासरी कोणाशीही बोलले नव्हते.

मग आडत्याच्या घरात चाळीस वर्षे काढलेली बाई मालाचा भाव ठरवताना जशी थांबते, तशा त्या थांबल्या.

"मंग बरंच दाखवलं की गं नाववाल्यानं," त्या म्हणाल्या, "एवढ्या पैशात."