एकाच बेटावरचे दोघे

जपानमधल्या सेंदाईहून मी पुण्याला परतले तेव्हा बॅगेत बाहुल्या कमी आणि किस्से जास्त होते. बाहुल्या वाटून संपल्या. किस्से मात्र कुणी चहाला आलं की निघतातच, आणि त्यातले निम्मे आमच्या ऑफिसातल्या दोन आयरिश माणसांचे असतात. मी हसत सुरुवात करते, पण ते हसू शेवटपर्यंत काही टिकत नाही.

तिथे मी ब्रिज इंजिनिअर होते. म्हणजे कोड कमी लिहायचा आणि दिवसभर जपानीचं इंग्रजी, इंग्रजीचं जपानी करत बसायचं. त्सुनामीला वर्ष होत आलं होतं तेव्हा एकाच आठवड्यात दोन नवे टेस्टर आले, अ‍ॅलन आणि डेझमंड. दोघेही पन्नाशीच्या आसपासचे, दोघेही उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे. मी म्हटलं, चला, एकमेकांना सोबत झाली!

*

पहिल्याच दिवशी कॉफी मशीनपाशी दोघांची गाठ पडली. "शाळा कुठली तुझी?" "घर कुठल्या रस्त्याला?" एवढंच बोलणं झालं आणि दोघांचेही चेहरे मिटले.

मी अ‍ॅलनला विचारलं, "काय झालं रे?"

"तो कॅथलिक आहे."

"त्याने सांगितलं?"

"शाळेचं नाव सांगितलं की!"

यावर मला हसू आलं नाही. आमची आत्या नुसतं आडनाव ऐकून पाहुण्याला कुठल्या कपात चहा द्यायचा ते ठरवायची.

*

आमचे सेक्शन चीफ साटो-सान, अतिशय सज्जन माणूस. त्यांनी कौतुकाने विचारलं, "दोघे एकाच देशाचे ना?"

डेझमंड म्हणाला, "हो!" अ‍ॅलन म्हणाला, "नाही!" तेही एकदमच. डेझमंडसारख्या कॅथलिकांच्या लेखी बेलफास्ट आयर्लंडचं, अ‍ॅलनसारख्या प्रोटेस्टंटांच्या लेखी ब्रिटनचं.

साटो-साननी दोन्ही उत्तरांना सारखीच मान डोलावली आणि घरची आठवण येऊ नये म्हणून दोघांना समोरासमोर बसवलं. स्वागताच्या केकवर आयर्लंडचे छोटे कागदी झेंडे खोवले होते. अ‍ॅलनने आपल्या तुकड्यातला झेंडा उपसला, कचऱ्याच्या डब्यांपाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "हा जाळायच्या कचऱ्यात जातो ना?"

डेझमंडचे कान लालबुंद! अ‍ॅलनच्या वस्तीत दर उन्हाळ्यात मोठी होळी पेटवून हाच झेंडा जाळतात, हे मला नंतर कळलं. साटो-सान मात्र खूश होते. परदेशी माणूस पहिल्याच दिवशी कचरा वेगळा करायला शिकला म्हणून!

*

नोव्हेंबरात अ‍ॅलन कोटाला लाल कागदी फूल लावून आला. ब्रिटिश सैन्यातल्या मृतांच्या आठवणीचं ते फूल. एकट्यानेच लावलंय, बिचाऱ्याला अवघडल्यासारखं होत असेल, असं आमच्या यामादा-सानला वाटलं. तिने जेवणाच्या सुट्टीत ओरिगामीची लाल फुलं करून सगळ्यांना वाटली. माझ्याही कुर्त्यावर एक लागलं.

डेझमंड मीटिंगहून परतला, तर अख्खं ऑफिस ब्रिटिश सैन्याला मानवंदना देत कॉम्प्युटरपुढे बसलेलं! त्याच्या कीबोर्डवरही एक फूल होतं. त्याने ते उचललं. मग ते न चुरगळता ड्रॉवरमध्ये ठेवलं. "पोरीने मन लावून केलंय," एवढं मला म्हणाला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेला.

*

एकदा भूकंपाचा चांगलाच मोठा धक्का बसला. सगळे टेबलांखाली. तिथे हे दोघे गुडघ्याला गुडघा लावून एकच प्रार्थना पुटपुटत होते, शब्दाला शब्द तीच. डेझमंडची संपली, अ‍ॅलनची पुढे चालूच. प्रोटेस्टंटांच्या प्रार्थनेला शेवटी आणखी दोन ओळी असतात म्हणे.

जमीन थांबल्यावर डेझमंड म्हणाला, "तुमचं नेहमी लांबतं!"

अ‍ॅलन खळखळून हसला. त्या दिवशी मला वाटलं, जमलं यांचं.

*

कसलं जमतंय! महिन्याभराने ऑफिसच्या पार्टीत यामादा-सानने डेझमंडला सरळच विचारलं, "तुमच्याकडे बॉम्ब का फुटायचे?" झालं. डेझमंड शेकडो वर्षं मागे गेला. इंग्रजांच्या राज्यातला दुष्काळ, हिरावलेल्या जमिनी, तुरुंग, गोळीबार. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. "दुसरा रस्ताच ठेवला नव्हता आम्हाला," तो म्हणाला.

मीही पुण्याची! म्हटलं, आमच्याकडेही गोऱ्या अधिकाऱ्यांना गोळ्या घालणारे होऊन गेले, त्यांचे पुतळे आहेत.

"बघा, हिला कळतंय!" डेझमंडने टेबलावर हात आपटला.

अ‍ॅलनने मला शांतपणे विचारलं, "त्या अधिकाऱ्यांना मुलं होती का?"

हा प्रश्न मला शाळेत कुणी घातला नव्हता आणि मलाही कधी पडला नव्हता.

मग त्याने सांगितलं. त्याचे वडील सुतार. पोलीस ठाण्याच्या खिडक्या दुरुस्त करायचं काम घेतलं, म्हणून कॅथलिक बंडखोरांनी त्यांना घराच्या दारात गोळ्या घातल्या. अ‍ॅलन तेव्हा चौथीत होता.

डेझमंडने मान खाली घातली, पण बोलला तेच. "युद्ध होतं ते. पोलिसांची कामं घेऊ नका, असं बजावलं होतं सगळ्यांना."

साटो-साननी घाईघाईने सगळ्यांसाठी नूडल्स मागवल्या.

स्टेशनकडे चालताना अ‍ॅलन मला म्हणाला, "मला माफी नकोय गं. चुकलं, एवढं त्यांच्यातल्या एकाने तरी म्हणावं." मला फार वाईट वाटलं, आणि डेझमंडचा संतापही आला.

*

मार्चमध्ये ऑफिसातले आम्ही काही जण किनाऱ्यावरच्या एका गावात गटारांमधला त्सुनामीचा गाळ काढायला गेलो. या दोघांच्या वाट्याला एक गटार आणि एकच बादली आली. डेझमंड आत उतरून गाळ भरायचा, अ‍ॅलन वरून बादली ओढायचा.

गटारासमोरच्या घरातली आजी आमच्यासाठी चहा घेऊन आली. त्सुनामीत वाहून गेलेला तिचा नवरा अजून सापडला नव्हता. तिने त्याचा फोटो दाखवला. अ‍ॅलन फोटो हातात धरून बसला, तसं तिने विचारलं, "तुमचे वडील आहेत?"

मी इंग्रजीत सांगितलं. अ‍ॅलनने नकारार्थी मान हलवली.

"आजारी होते का?"

मी तेही इंग्रजीत सांगितलं. गटारातून डेझमंडचा आवाज आला, "तिला सांग, माझ्या लोकांनी मारलं त्यांना."

मी तसंच सांगितलं. आजीने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग डेझमंडलाच विचारलं, "का?"

या प्रश्नावर तो अख्खी संध्याकाळ बोलू शकायचा. आता मात्र त्याने हातातलं फावडं गुडघाभर गाळात रोवलं.

"काही कारण नव्हतं," तो म्हणाला. "सांग तिला. काही कारण नव्हतं."

मी जपानीत सांगायला तोंड उघडलं, तर अ‍ॅलनने माझा हात धरला.

"ते राहू दे," तो म्हणाला. मग डेझमंडकडे वळला. "तू परत एकदा म्हण."