मोजणीवाल्याची लाल गाडी

माणूस आपल्या स्वप्नाएवढाच उंच असतो, असं वाक्य आमच्या दिग्रसमध्ये एका शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. बापूसाहेब कोल्हे यांचं स्वप्न जमिनीपासून पावणेचार फूट उंच होतं. स्वतः बापूसाहेब पाच फूट तीन इंच. त्यामुळे स्वप्नात बसताना त्यांना आधी डावा पाय, मग कंबर आणि शेवटी उजवा पाय हातांनी उचलून आत घ्यावा लागे.

बापूसाहेब भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. गावाच्या भाषेत मोजणीवाले. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. सख्ख्या भावांच्या मधल्या धुऱ्यावर उन्हात उभं राहून, दोघांच्याही शिव्या खाऊन, रेघ होती तिथेच ओढायची, हा त्यांचा नोकरीभर धंदा. निवृत्तीनंतर ते आमच्या शेजारी राहायला आले. पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहा होईपर्यंत त्यांनी आमची बैठक पावलांनी मोजून घेतली आणि पहिल्या घोटानंतर सांगितलं, की पूर्वेची भिंत काटकोनात नाही. मी म्हणालो, दहा वर्षं राहतोय, कधी जाणवलं नाही.

"तेच म्हणतो सर, दहा वर्षं तिरपे राहून राह्यले तुम्ही."

"मोजल्याबिगर बोलू नये" हे त्यांचं आवडतं वाक्य. ते सगळीकडे लावायचे. गावात एखाद्या मोठ्या पुढाऱ्याची सभा झाली की दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या मैदानावर चक्कर मारून येत, आणि वर्तमानपत्रात छापलेली गर्दी त्या मैदानात मावायची असेल तर अर्ध्या लोकांना उरलेल्या अर्ध्यांच्या खांद्यावर उभं करावं लागेल, असं शांतपणे सांगत. त्यामुळे त्यांना सभेचं निमंत्रण सहसा नसे.

अशा माणसाला वेड लागावं ते एका चित्राचं. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या कॅलेंडरवर एक लाल, उघडी, दोन माणसांची परदेशी गाडी होती आणि तिला टेकून एक बाई उभी होती. बघणारे बहुधा बाईकडे बघत. बापूसाहेबांनीही बघितलं, पण मोजपट्टी लावून. चित्रावरून गाडी बनवायची तर प्रमाण काढायला हवं, आणि त्यासाठी चित्रातल्या एका तरी वस्तूची खरी उंची माहीत हवी. ते माझ्याकडे आले. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असल्यामुळे मला गोऱ्या बायकांची उंची माहीत असेल असा त्यांचा समज होता. मी अंदाजाने साडेपाच फूट म्हणालो.

"टाचा धरून का सोडून?" त्यांनी विचारलं.

टाचा गवतात बुडालेल्या होत्या. बऱ्याच चर्चेनंतर आम्ही टाचा सोडून द्यायचं ठरवलं. मूळ गाडीपेक्षा त्यांची गाडी वीतभर आखूड झाली ती या ठरावामुळे, असं पुढे माझ्या लक्षात आलं. त्यांना मी ते सांगितलं नाही. मूळ गाडी यवतमाळ जिल्ह्यात येण्याची शक्यता कमी होती.

इंजिन आणि खालचा सांगाडा एका जुन्या छोट्या गाडीचा मिळाला. वादळात तिच्यावर कडुनिंब पडला होता, त्यामुळे वरचा भाग काढून टाकण्याचे श्रम वाचले. यंत्राचं काम बापूसाहेब स्वतः करत. पुस्तकं आणून, फोनवर परदेशी लोकांचे व्हिडिओ आवाज बंद करून बघून. आवाज का बंद, तर बोलण्याने हात बघण्यातलं लक्ष जातं. वरचं फायबरचं अंग मात्र संतोष मूर्तिकाराकडे होतं. हा गणपती आणि दुर्गा करणारा उत्तम कारागीर. त्याने साचा घडवायला घेतला आणि पुढच्या दोन्ही चाकांवरचे उंचवटे हत्तीच्या गंडस्थळासारखे झाले. बापूसाहेबांनी कॅलेंडर दाखवून चूक दाखवली. संतोषने मान हलवली, पुन्हा केलं, पुन्हा गंडस्थळ.

"हात तिकडंच जाते, काका," तो म्हणाला. ते तसंच राहिलं. समोरून पाहिलं की गाडी अजूनही प्रसन्न दिसते.

कारखाना म्हणजे घरामागची कापसाची खोली. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो: आमच्याकडे कापूस वेचला की तो घरच्याच एका खोलीत छतापर्यंत भरतात आणि भाव चढायची वाट बघत त्याच्यासोबत राहतात. शेत बापूसाहेबांचं, म्हणजे सातबाऱ्यावर. बाकी सर्व अर्थांनी ते कमलकाकूंचं. पेरायचं काय, मजूर कोण, विकायचं केव्हा, हे सगळं त्या ठरवत. नवऱ्याला त्यांनी खोली वापरू दिली ती एका अटीवर: कापूस आला की गाडी बंद. बापूसाहेबांना वाटलं, कापूस संक्रांतीपर्यंत जाईल. पण काकू भाव पाहणाऱ्या बाई. घाईने विकणाऱ्याला त्या उतावळा म्हणत, आणि उतावळा ही त्यांच्या कोशातली सगळ्यात मोठी शिवी होती. पहिल्या वर्षी गाडीवर जुनी लुगडी टाकून वरून कापूस भरला. होळी झाली तरी ती बाहेर निघाली नाही.

कापूस जाऊन खोली रिकामी व्हायची तोवर संतोषचा हंगाम जवळ आलेला असे. अक्षय्य तृतीयेला तो गणपतीला हात घाली, मग दुर्गा, मग दसरा, आणि दसऱ्याला पुन्हा कापूस. मधल्या फटीत जे होईल ते गाडीचं काम. जगात दुसऱ्या कुठल्या मोटारीचं वेळापत्रक कापसाचा भाव आणि अक्षय्य तृतीया यांनी मिळून ठरवलं नसावं. मी एकदा म्हणालो, दुसरीकडे एखादी टपरी घ्या भाड्याने. ते म्हणाले, "बाईचा कापूस घरात आन् माणसाची गाडी भाड्याच्या जागेत, हे बरं नाही दिसत सर." अशी काही वर्षं गेली. गावात लोक विचारायचे, काय साहेब, गाडी पिकली का? ते म्हणत, अजून फुलावर आहे.

मग एकदा ते यवतमाळला डोळे तपासून आले. काचबिंदू होता, आणि उशिरा सापडला होता. औषधाने थांबला तर थांबेल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला त्यांनी हे अंगणात उभं राहून, एखाद्या मोजणीचा निकाल सांगावा तसं सांगितलं. "वावर दिसते सर. धुरे दिसत नाही."

म्हणजे समोरचं मधलं नीट दिसत होतं, कडेचं नाहीसं होत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोजणीच्या दोन रंगीत काठ्या काढल्या. अंगणातल्या ठरावीक फरशीवर उभं राहून समोर बघायचं, मी दोन्ही काठ्या दोन बाजूंना धरून हळूहळू जवळ आणायच्या, आणि दोन्ही एकदम दिसल्या की त्यांनी "बस" म्हणायचं. मग त्या जागी खुणा. महिना झाला की पुन्हा. मी शाळेत असताना सूर्यग्रहण काचेतून पाहिलं होतं, एवढीच माझी दृष्टिशास्त्राची तयारी. पण प्रत्येक महिन्याच्या खुणा आधीच्या खुणांच्या आत पडत होत्या हे कळायला ती पुरेशी होती. बापूसाहेब खुणांकडे बघत आणि म्हणत, धुरा आत सरकून राह्यला. तक्रारीचा सूर नसे. लोकांचे धुरे सरकलेले त्यांनी जन्मभर पाहिले होते. फरक एवढाच, की इथे दावा लावायला शेजारी नव्हता.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. ती गाडी एकदा स्वतः, रस्त्यावर, चालवायची. कोणीतरी चालवतंय आणि आपण शेजारी बसलोय, हे त्यांना चालणार नव्हतं. गाडीचं जोडकाम, रंग आणि ब्रेक राहिले होते, आणि गाडी कापसाखाली होती.

त्या वर्षी भाव हललाच नाही. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, गावातल्या सगळ्यांचा कापूस घरात. बापूसाहेब एका शब्दाने बायकोला विका म्हणाले नाहीत. मी सुचवलं तर म्हणाले, "तिचं पीक आहे. माह्या डोयासाठी तिनं काहून पाडून विकावं?"

होळीच्या सुमारास एका सकाळी आमची काठ्यांची कवायत चालू असताना काकू दारात सांडलेला कापूस झाडत होत्या. बापूसाहेब आत गेल्यावर त्यांनी मला विचारलं, सर, या काठ्या कायच्या? इतके दिवस त्यांना तो नवऱ्याचा नेहमीचा मोजण्याचा चाळा वाटला होता. डोळ्यांचं त्यांना माहीत होतं. औषध चालू आहे म्हणजे ठीक आहे, एवढंच. मी पहिल्या महिन्याच्या खुणा दाखवल्या, मग त्या महिन्याच्या. काकूंनी दोन्हींच्या मधून एकदा चालून पाहिलं. पदराचा कापूस झटकला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती. बापूसाहेब तिच्या आणि घराच्या मधे जाऊन उभे राहिले.

"अवो, भाव तर येऊ द्या," ते म्हणाले.

"भाव पुढच्या साली येईन," काकू म्हणाल्या. "सरा बाजूले. उतावळ्यावानी मधात उभे नका राहू."

पंधरा दिवसांत भाव चढला. ही बातमी काकूंना सांगायला आळीतली निदान सात-आठ घरं स्वतंत्रपणे येऊन गेली. काकूंनी सगळ्यांना चहा दिला.

खोली रिकामी झाल्यावर संतोषने गणपती मागे ठेवून गाडीला हात घातला. त्याच्या व्यवसायात हा किती मोठा अपराध आहे हे तो मला दर दिवशी सांगत असे. लाल रंग मारला तेव्हा हवेत कापसाची बारीक लव होतीच. ती रंगात बसली. गाडी उन्हात जरा मखमली दिसायची. परदेशी मूळ गाडीला ही सोय नसावी.

परिवहन खात्याच्या लेखी ती गाडी नव्हतीच, त्यामुळे ती आर्णीच्या मोठ्या रस्त्यावर न्यायचा प्रश्न नव्हता. पण त्या रस्त्यापासून त्यांच्या शेताकडे एक नवा डांबरी फाटा गेला होता. सकाळी त्यावर माणूस नसे. प्रश्न दिसण्याचा होता. एव्हाना बापूसाहेबांना जग एखाद्या नळीतून दिसावं तसं दिसत होतं. तोड त्यांनीच काढली. मोजणीत एक माणूस झेंडा घेऊन पुढे चालतो, मोजणीवाला त्याच्यावर नजर धरतो, आणि रेघ सरळ येते.

"सर, तुम्ही माह्ये झेंडेवाले," ते म्हणाले. "पांढरा शर्ट घाला आन् मधातून चाला. मी तुमच्या पाठीवर नजर ठेवतो. धुरे ही सांगीन."

ही, म्हणजे काकू.

तर असं आम्ही निघालो. पुढे माझ्या स्कूटरवर मी, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मागे लाल गाडी. तिच्यात बापूसाहेब माझ्या पाठीकडे टक लावून, आणि शेजारी काकू, डोक्यावरचा पदर दाताखाली धरून, बैलजोडी हाकावी तशा मोठ्याने बाजू सांगत: डाव्या अंगाला या, आता बरोबर, पुढं मोरी आहे, मधात राहा. मी मागे वळून बघायचं नाही असं ठरलं होतं. वळलो तर शर्ट वाकडा दिसला असता आणि गाडी शेजारच्या वावरात गेली असती. त्यामुळे जिल्ह्यातल्या या एकमेव घटनेचा मी सर्वांत जवळचा साक्षीदार असूनही मी ती पाहिलेली नाही. ऐकली मात्र. इंजिनाचा आवाज आणि काकूंचा, आणि मधे एका ठिकाणी, पळसाच्या झाडांपाशी, काकू धुरे सांगायचं विसरून नुसत्या हसल्या. गाडी तेव्हाही सरळच होती.

शेताच्या तोंडाशी बापूसाहेबांनी इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच होते. मी स्कूटर लावून जवळ गेलो. त्यांचे डोळे अजून माझ्या शर्टावर होते.

"सर," ते म्हणाले, "पुढच्या खेपेले जराक जोरात पळवा."

पुढची खेप झाली नाही. पावसाळ्यात खुणा आणखी आत आल्या, आणि दसऱ्यानंतर त्यांनी स्वतःच काठ्या गुंडाळून ठेवल्या. त्यानंतरच्या वर्षी, पोळ्याच्या आठवड्यात, दुपारी झोपले ते उठले नाहीत. काकूंनी मला सांगितलं, ह्यांचं सारं मोजून झालं होतं.

शोकसभा मोठी झाली. निदान वर्तमानपत्रात तसं आलं. हयातीत ज्यांनी त्यांना सभेला बोलावलं नव्हतं ते सगळे व्यासपीठावर होते. एक माजी पदाधिकारी पाऊण तास बोलले. बापूसाहेब म्हणजे वेगाचे उपासक, वाऱ्याशी शर्यत लावणारा माणूस, त्यांच्या त्या लाल गाडीने आमच्या रस्त्यांना पहिल्यांदा वेग म्हणजे काय ते दाखवलं, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी एकदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडू आवरत नाही.

माझी स्कूटर बॅटरीवर चालते. तिला वाहन परवाना लागत नाही, कारण ती ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर जात नाही.