रात्री साडेनऊची गोळी

आमच्या डेपोत त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. गाडी अशी हाकायचा की उभ्या उतारूचा तोल जाऊ नये. नऊ वर्षं मी त्याच्या गाडीवर कंडक्टर होतो.

फुफ्फुसाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी त्याला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. खोकला गेला, धाप थांबली. पाकिटावर लिहिलं होतं, दिवसातून एकदा, जेवणानंतर. सावकाश पहाटे उपाशीपोटीच घर सोडायचा, दुपारी डब्यातले चार घास कसेबसे खायचा. पोटभर जेवण रात्रीचंच. म्हणून गोळीही रात्री. त्यात कुणाला काय वावगं दिसणार?

दोन-तीन महिन्यांत त्याचे गाल टम्म फुगले, पोट सुटलं. मी थट्टा केली, “वहिनींच्या हातचं मानवलेलं दिसतंय!”

तो हसला, पण डोळे तांबारलेले होते. “झोपच नाही रे. आडवा झालो की डोकं टक्क जागं. आणि भूक तर अशी, की भिंत खावी.”

रक्त तपासलं तर साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, खाण्यावर ताबा ठेवा. त्याची बायको शाळेच्या ग्रंथालयात दिवसभर उभी राहून यायची, तरी तिने त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक सुरू केला. पुढच्या तपासणीत साखर आणखी वर.

“बाहेर काय काय चरता, ते तरी सांगा!” ती माझ्यादेखत म्हणाली. नंतर तो मला म्हणाला, “जिभेवर इतका ताबा ठेवूनही घरात चोर ठरलो.”

असं वर्ष उलटून गेलं. मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्याने गाडी बाजाराजवळ कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली आणून माझ्या हातात ठेवली.

“मागचे तीन थांबे मी घेतले का?”

“घेतलेस की. माणसं चढली, उतरली.”

“मला त्यातलं काही आठवत नाही. रात्रभर डोळा लागला नव्हता. दुसरा ड्रायव्हर बोलाव.”

उतारूंनी आरडाओरडा केला. तो खाली उतरून फुटपाथवर बसून राहिला. गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं.

साहेबांनी त्याला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे. महिनाभर तो त्यांना चिठ्ठ्या लावत होता. त्याच महिन्यात डेपोच्या दवाखान्यात नवीन नर्सबाई आल्या. त्याचे कागद चाळता चाळता त्यांनी विचारलं, “ही गोळी किती वाजता घेता?”

“रात्री साडेनऊला. चौदा महिने झाले.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “अहो, असंच एक रसायन आपलं शरीर स्वतः तयार करतं. पहाटे भरपूर, रात्री अगदी थोडं. तुम्ही रोज झोपायच्या वेळी शरीराला सांगताय, ऊठ, उजाडलं! मग झोप कशी येणार? भूक खवळते, साखर चढते. गोळी कधीही घेतली तरी थोडा त्रास होतोच, पण बहुतेकांना ती सकाळीच देतात, न्याहारीनंतर.”

“मग बंदच करू?”

“मुळीच नाही! अचानक सोडली तर जिवावर बेतेल. फक्त वेळ बदलायची, तीही डॉक्टरांना विचारून.”

त्याला राग यायला हवा होता. तो नुसता खुर्चीत मागे टेकला.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “आणि मी तुमचे खिसे तपासत होते.”

“तुला तरी कुठे ठाऊक होतं?”

डॉक्टरांनी होकार दिला. गोळी सकाळी आठला गेली. पंधरवड्यात त्याला सलग सहा तास झोप लागली. साखर हळूहळू उतरली, पण पुरती नाही. साखरेसाठीही एक गोळी मागे लागलीच. मांड्यांतली ताकद स्टेरॉइडने नेली ती नेलीच. केबिनमध्ये चढताना तो आता दांडा दोन्ही हातांनी धरतो.

अडीच महिन्यांनी डॉक्टरांचा दाखला घेऊन तो दुपारपाळीवर रुजू झाला. सगळ्यात लहान मार्ग मिळाला, आणि कंडक्टर पुन्हा मीच. परवा शेवटच्या थांब्यावर पाय चोळत त्याने विचारलं, “माझ्या निवृत्तीला किती राहिलं रे?”

“चार वर्षं.”

“जातील,” तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.