गोदाबाईंची ओसरी

अजिंठ्याला जायचं ठरलं तेव्हा गिरधर मास्तरांपुढे एकच अडचण होती, आणि त्या अडचणीचं नाव होतं मंगला.

गिरधर मास्तर बऱ्हाणपूरच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत. समोर ठेवून काढायला वर्गात एक लाकडी ठोकळा होता, एक पत्र्याचा शंकू आणि कान तुटलेला एक कप. पंधरा वर्षं पोरं तेच काढत आली होती. शहरात म्युझियम नाही. नागपूरचा अजबबंगला मास्तरांनी तरुणपणी दोनदा पाहिला होता, त्या शिदोरीवर त्यांचं सगळं चाललेलं. अजिंठा तसा जवळ, पण तो निजामाच्या मुलखात. रझाकारांच्या दिवसांत तिकडची माणसं डोक्यावर बोचकी घेऊन इकडे पळून येत होती. तिथं पोरांना कोण नेणार? मग हैदराबाद संस्थान विलीन झालं, सीमेवरचे नाके उठले, आणि पुढच्या वर्षी थंडी पडल्यावर मास्तरांनी हेडमास्तरांच्या मागे लागून सहलीची परवानगी काढली.

ड्रॉइंग घेतलेल्यांत मुलगी एकच होती. इच्छापूरच्या लोटू पाटलांची मंगला मामाकडे राहून शिकत होती. तिनं काढलेला तो तुटक्या कानाचा कप बघितला की त्यात चहा ओतावासा वाटे, असं मास्तर म्हणत. आणि नेमकी तीच येणार नव्हती.

"बाप म्हणतो, बरोबर बाईमाणूस असल्याशिवाय पोरगी मुक्कामाला पाठवणार नाही," मास्तरांनी जेवताना सांगितलं.

गोदाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मग मी येते."

"तू? तू काय करणार तिथं?"

"बाईमाणूस आहे ना मी? तेवढंच तर करायचंय."

गोदाबाई तुकईथडच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, चौदाव्या वर्षी लग्न होऊन शनवाऱ्यातल्या या दोन खोल्यांत आलेल्या. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख त्यांनी कधी चारचौघांत काढलं नाही, पण मास्तरांचे विद्यार्थी घरी आले की त्यांच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय त्यांना सोडलं नाही. भुसावळच्या पलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. चित्रांशी त्यांचा संबंध म्हणाल तर नवऱ्याच्या सदऱ्यावरचे रंगाचे डाग धुण्यापुरता.

जळगावपर्यंत रेल्वे, पुढे सर्व्हिस मोटार. सीमेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओस पडला होता, आतल्या बाकावर एक शेळी बसली होती. पोरं तिला बघून हसली. मास्तर मात्र मोटार पुढे जाईपर्यंत मान वळवून त्या रिकाम्या नाक्याकडे बघत राहिले.

फर्दापूरच्या धर्मशाळेत मुक्काम करून सकाळी लेणी गाठली, आणि सगळ्यांचा हिरमोड झाला. आत अंधार. वटवाघळांचा वास. भिंतीवर कुठं अर्धा चेहरा, कुठं नुसता गुडघा, बाकी पोपडे. एक पोरगा बोलून गेला, "सर, यापेक्षा आमच्या दुकानातलं क्यालेंडर बरं आहे."

मास्तरांचा चेहरा उतरला. रात्रभर जागून तयार केलेलं भाषण त्यांच्या घशातच राहिलं. गोदाबाईंना त्या पोराचा राग आला नाही; नवऱ्याची मात्र दया आली.

त्या लेण्यात एका कोपऱ्यात बांबूचा माचा बांधून एक माणूस काम करत बसला होता. औरंगाबादचे मधुकरराव. सरकारी खात्यासाठी ते भिंतीवरच्या चित्रांच्या नकला उतरवत होते. पोरं त्यांच्यामागे जाऊन गप उभी राहिली. खरा चित्रकार, खरं काम! मास्तरांचंही तोंड उघडेना. तशा गोदाबाई पुढे झाल्या आणि माच्याशेजारी खाली बसल्या.

"भाऊ, किती दिवस झाले इथं?"

"दुसरं वर्ष, बाई."

"अगंबाई! आणि झालं किती?"

"ही बाई झाली. तिच्या मागची दासी अर्धी झाली."

"कुणी शिकवलं?"

"आधी एका साइनबोर्डवाल्यानं. मग मुंबईला शिकलो."

"बिघडलं तर काय करता?"

मधुकररावांनी ब्रश खाली ठेवला. "रोजच बिघडतं. पुसतो, चहा पितो, पुन्हा काढतो."

पोरं हसली. मास्तर खुणेनं पुरे म्हणत होते, पण गोदाबाईंचा एक प्रश्न राहिला होता. "वाईट वाटून घेऊ नका, पण यावर घर चालतं का हो तुमचं?"

मास्तरांनी डोळेच मिटून घेतले. मधुकरराव मात्र मनापासून हसले. "मला हे विचारायची कुणाला हिंमत होत नाही. कधी चालतं, बाई, कधी रांगतं."

मग त्यांनीच पहारेकऱ्याला हाक मारली. पहारेकऱ्यानं बाहेरच्या उन्हात पत्र्याचा आरसा धरला आणि उजेडाचा एक पट्टा आत आला. "सगळी भिंत एकदम बघू नका," मधुकरराव पोरांना म्हणाले. "एक हात बघा. फक्त एक हात." उजेड सरकत गेला, आणि पोपड्यांमधून एक मनगट उमललं, मग बांगडी, मग कमळाचा देठ धरलेली बोटं. क्यालेंडरवाला पोरगाच सगळ्यात आधी मांडी घालून बसला. दुपारपर्यंत कुणी जेवणाचं नाव काढलं नाही. प्रत्येकानं एकच हात काढला, पुसला, पुन्हा काढला.

परतताना मोटारीत मंगला गोदाबाईंच्या खांद्याशी येऊन हळूच म्हणाली, "काकू, मला हेच करायचंय."

"काय? अंधारात बसायचंय?"

"हो."

गोदाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मुलगी चेष्टा करत नव्हती.

घरी आल्यावर गोदाबाईंना चैन पडेना. "अहो, वर्षातून एकदा अजिंठा, मग बाकीचं वर्ष पुन्हा तो कपच का?"

"मग काय करू? आपल्या गावात कुठं आहेत चित्रकार?"

"आपल्याच गल्लीत सुपडू आहे की. दुकानांच्या पाट्या रंगवतो."

"तो पेंटर आहे गं, चित्रकार नाही."

"त्याच्या हातात ब्रश असतो ना?"

पुढच्या रविवारी मास्तर, गोदाबाई आणि आठ पोरं सुपडू पेंटरच्या दारात उभी राहिली. तो एका मिठाईच्या दुकानाची पाटी करत होता. आधी तो भांबावला, मग त्याला बोलायचं इतकं भरतं आलं की अक्षराची सावली कुठल्या अंगाला पाडायची हे त्यानं पोरांकडून चार पाट्यांवर करून घेतलं. नंतर मोहरमचे ताजिये करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. बांबूच्या कामट्यांवर तो कागदाची अशी नाजूक जाळी चढवी की हात लावायची भीती वाटावी. तिथं त्याच्या सुनेनं सगळ्यांना सरबत दिलं. गणपती घडवणाऱ्या रंभाबाईंकडे तर पोरांनी दोन रविवार माती तुडवली. किल्ल्यातल्या हमामाच्या, जुन्या शाही न्हाणीघराच्या, छतावरची नक्षी उताणं झोपून काढायची युक्तीही गोदाबाईंचीच. त्यासाठी त्यांनी घरच्या सतरंज्या नेल्या. जिथं जातील तिथं त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: कुणी शिकवलं, बिघडलं तर काय करता, घर चालतं का. पोरांना ते इतके पाठ झाले की तीच आधी विचारून मोकळी होत.

मास्तरीणबाई बरोबर असतात म्हटल्यावर आणखी घरांतून मुली येऊ लागल्या. वर्षभरात एकीच्या पाच झाल्या.

आणि मग मंगलाचं मॅट्रिक जवळ आलं. तिला नागपूरच्या चित्रशाळेत जायचं होतं. घरी सांगायची तिची छाती नव्हती, म्हणून गोदाबाई स्वतः इच्छापूरला गेल्या. देवीच्या दर्शनाचं निमित्त केलं आणि परतताना लोटू पाटलांच्या केळीच्या बागेत शिरल्या.

लोटू पाटलांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस कडक नव्हता. पण मान हलली ती आडवीच. "मास्तरीणबाई, पोरगी मॅट्रिकपर्यंत शिकून राह्यली, हेच आमच्या गावात लय झालं. आता चित्रं काढून काय करेल ती? लोक मले हसतील."

"तुम्ही बघितलीत का ती चित्रं?"

"तिची? पाह्यली ना."

"तिची नव्हे. ती जी बघून आली, ती."

पाटलांनी केळीचं एक वाळलेलं पान ओढून काढलं. गोदाबाई म्हणाल्या, "या थंडीत पुन्हा जातोय. तुम्हीच चला मुलीबरोबर. मला एकटीला पाच-पाच पोरी आवरत नाहीत."

हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे पाटलांनाही कळलं. तरी ते आले. येताना केळीचे दोन घड आणले, आणि जळगाव यायच्या आत पोरांनी ते संपवले.

लेण्यात मधुकरराव होतेच. दासी पुरी झाली होती. पाटील मंगलाच्या मागे मागे हिंडत होते, भिंतींकडे कमी आणि मुलीकडे जास्त बघत. तिचा चेहरा त्यांनी असा कधी पाहिला नव्हता. एका जागी मंगलानं त्यांना थांबवलं. आरशाचा उजेड तिथं पडला तेव्हा एकमेकांना शिंगं लावलेले दोन बैल दिसले.

पाटील जागीच खिळले. बराच वेळ त्यांनी मान तिरकी करून बघितलं. मग हवेत हात फिरवून बैलाच्या वशिंडाचा उतार दाखवत म्हणाले, "हा डावीकडचा आता मागे सरेल बघ. त्याचा पाय पाह्य कसा टेकला." नंतर एकदम मधुकररावांकडे वळले. "हे ज्यानं काढलं त्यानं बैल पाळले असतील का हो?"

"पाळले नसतील तर रोज बघितले तरी असतील."

पाटील जरा घुटमळले. गोदाबाईंना वाटलं, आता आपणच विचारावं. पण त्यांनी स्वतःला आवरलं. शेवटी पाटलांनीच विचारलं. "या कामात घर चालते का, भाऊ?"

मधुकररावांनी गोदाबाईंकडे बघून डोळे मिचकावले. "कधी चालतं, कधी रांगतं."

पाटलांनी मान डोलावली. "एक वादळ आलं की आमची बाग बी आडवी पडते," ते म्हणाले. "तरी पुढच्या साली पुन्हा केळीच लावतो आमी." मंगला बापाकडे बघत राहिली. उन्हाळ्यात तो तिला नागपूरला पोचवायला निघाला तेव्हा शेजाऱ्यांना मोठ्यानं सांगत होता, "पोरगी चित्रकारीण होऊन राह्यली."

पोचवायला गोदाबाईही गेल्या आणि दोन दिवसांच्या जागी आठ दिवस राहिल्या. मंगलाला परकं वाटू नये म्हणून रोज तिला अजबबंगल्यात नेत, दगडी मूर्तींपुढे बसवत. निघताना दोघी स्टेशनवर अशा रडल्या की पाटील पान आणायला म्हणून दूर जाऊन उभे राहिले.

मंगला शिकून परतली त्याच वर्षी राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. आता कचेऱ्यांचं तोंड भोपाळकडे. नागपूरची सहल म्हणजे परराज्यातली सहल झाली आणि तिच्यासाठीची परवानगी वर्षभर येईना. मंगला मुलींच्या शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून लागली होती. ती एका संध्याकाळी वैतागून गोदाबाईंकडे आली.

"काकू, मुलींना दाखवू काय? छापील चित्रं?"

मास्तर तोवर निवृत्त होऊन घरी बसले होते. पोरांनी इतक्या वर्षांत केलेली कामं त्यांनी एका पेटीत जपून ठेवली होती. गोदाबाईंनी पेटी ओढून बाहेर काढली आणि ओसरीवर दोऱ्या बांधायला घेतल्या.

त्या दिवाळीत बऱ्हाणपूरचं पहिलं म्युझियम शनवाऱ्यात उघडलं, असं मास्तर गमतीनं सांगत. अजिंठ्याचे हात, हमामाची नक्षी, सुपडूनं स्वतःहून आणून दिलेली एक पाटी, ताजियाची जाळी. नेपानगरच्या कारखान्यातल्या एका माजी विद्यार्थ्यानं मुलींसाठी कागदाचे उरलेसुरले तुकडे आणून दिले. मंगलाच्या शाळेतल्या मुली खाली बसून भिंतीवरचं बघून काढत. येणारे-जाणारे डोकावत, मग आत येत. रंभाबाई तर रोजच येत.

एके दिवशी एका चित्रापुढे त्या थांबल्या. वर बघत उभी असलेली एक बाई, पाठमोरी. पदर एका खांद्यावरून घसरलेला.

"ही कोण गं, गोदा?"

गोदाबाईंनी चष्मा सारखा केला. "कोण की. पण बघण्यात इतकं काय गुंग व्हायचं, पदराचंसुद्धा भान नाही!"

मंगला आणि मास्तर एकमेकांकडे बघून हसू दाबत राहिले. त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर गोदाबाई दिवा घेऊन पुन्हा त्या चित्रापाशी गेल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या आणि आत येऊन एवढंच म्हणाल्या, "मंगलानं मला जरा जाडच काढलंय."

दिवाळी सरली तरी दोऱ्या कुणी सोडल्या नाहीत. पावसाळ्यात चित्रं आत घ्यायची आणि उघडीप पडली की पुन्हा लावायची, हे काम गोदाबाईंनी स्वतःकडे ठेवलं. मुली येत राहिल्या, आणि लोटू पाटीलही बाजाराच्या दिवशी केळी घेऊन ओसरीवर टेकत.