जीपचे आभार

परदेशात मिशनचं काम करणाऱ्या नर्सबाई रोज सकाळच्या प्रार्थनेत देवाचे आभार मानायच्या आणि त्याच दमात आपल्या जुन्या जीपचेही. तपासणीला आलेल्या मोठ्या पाद्रीबाबांचा पारा चढला.

"लोखंडाचे कसले आभार मानता? उद्यापासून हे बंद!"

बाईंच्या नवऱ्यानं गप्प राहा म्हणून डोळ्यांनी खुणावलं, पण बाई कुठल्या ऐकायला!

"बाळंतपणात अडलेल्या बायकांना घेऊन मी चिखलातून जाते. हिनं मला आजवर कधी वाऱ्यावर सोडलं नाही. माणसांबद्दल असं सांगता यायचं नाही. मी आभार मानणारच!"

दुपारी पाद्रीबाबा निघाले, तर त्यांची नवीकोरी गाडी जागची हलेना. मुकाट्यानं ते जीपमध्ये येऊन बसले. बाईंनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"आधी आभार," त्या म्हणाल्या. "आणि आमेन तुम्ही म्हणायचं. मोठ्यानं."