चांद्याचं आवतण

नोकरीत चोऱ्या पुष्कळ हाताळल्या. बहुतेकांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेलेत. सेनगाव तालुक्यातली ती बैलचोरी मात्र जशीच्या तशी लक्षात आहे, आणि आठवली की आधी हसू येतं. माणसांची नावं मी देणार नाही. बैलाचं द्यायला हरकत नसावी. त्याचं नाव चांद्या.

मी तेव्हा ठाण्याची प्रभारी होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. त्याच्याही आदल्या दिवशी एका शेतकऱ्याचं सगळं घर गोरेगावला झुली, गोंडे, घुंगरमाळा आणायला गेलं होतं. घरी फक्त म्हातारी आई. परत येऊन बघतात तर गोठ्यात एकच बैल. म्हातारीचं म्हणणं, "माझा डोळा लागला व्हता."

फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला आणि हवालदारांना घेऊन पंचनाम्याला गेले. खुरांचे ठसे गोठ्यापासून सरळ डांबरी सडकेपर्यंत. ओढाताण झाल्याची खूण नाही. दावं खुंट्याला तसंच, कापलेलं नाही, नीट गाठ सोडलेली. सडकेवर टेम्पोच्या चाकांचा माग. फिर्यादी तावातावानं बोलत होता. त्याची आई आम्हाला चहा देत होती आणि जेवून आलात का विचारत होती. बैल सापडेल का, हे मात्र तिनं एकदाही विचारलं नाही. मी ते मनात ठेवलं.

फिर्यादीनं संशयित तिथंच सांगून टाकला. घरचाच जुना सालगडी, दर पाडव्याला वर्षभराचा करार करून राबणारा. महिन्यापूर्वी काम सोडून गेलेला. चांद्या लंगडायला लागला होता, औताला मागं पडायचा. एक दिवस मालकानं त्याला तुतारीनं, म्हणजे टोकाला आर लावलेल्या काठीनं, मारलं. सालगड्यानं ती तुतारी हिसकावली, गुडघ्यावर मोडली आणि त्याच पावली घरी गेला. त्यानंतर मालकानं चांद्याला पोळा झाला की विकायचं ठरवलं. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

"राग धरून त्यानंच नेला म्याडम. चांद्या परक्याच्या हातानं हालतच न्हाई."

कागदावर सगळं बसत होतं. सालगड्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. बाकावर बसायला सांगितलं तर आधी हातरुमालानं बाक पुसला.

"बैल कुठंय?"

"मी न्हाई नेला."

"मालकावर राग होता ना?"

"मालकावर व्हता. म्हून बैल कशाला नेऊ? आन् न्यायचाच असता तर जोडी नेली असती. एकाला नेऊन दुसऱ्याला काहून एकटं पाडू?"

मग त्यानंच मला विचारलं, "म्याडम, दावं कापलं का सोडलं?"

"सोडलंय. गाठ उकलून."

त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिथं दुसरंच काही आलं. "मी नेला न्हाई, येवढंच सांगतो. कोणी नेला ते मला इचारू नका."

हवालदार टेबलावर हात आपटून म्हणाले, "म्हणजे तुला माहीत आहे!"

"मारा पायजे तर. मी नाव घेणार न्हाई."

माझा अनुभव असा, की चोर दुसऱ्याचं नाव घ्यायला एका पायावर तयार असतो. विचारलं नाही तरी दोन नावं सांगतो. याला सुटकेचा रस्ता समोर दिसत होता आणि तो त्यावर पाय ठेवत नव्हता. ठाण्याबाहेर लिंबाखाली त्याची बायको येऊन बसली होती. ती मला म्हणाली, "बाई, बैलचोर म्हून नाव झालं तर पाडव्याला याचं साल कोण धरंल? आमी खावं काय?"

तिचं खरं होतं. आणि वरून विचारणा सुरू झाली होती, संशयित हाती आहे तर अटक का दाखवत नाही. मी संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं आणि पुन्हा त्या घरी गेले. गाठीबद्दल विचारायचं होतं.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळण असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूपहळद चोळायची आणि बैलाला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. मी पोचले तेव्हा फिर्यादी राहिलेल्या बैलाचा खांदा चोळत होता. पळसाच्या पानानं खांद्याला शिवून तो पुटपुटला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." सून दिवा धरून उभी होती. म्हातारी कुठं दिसेना.

ती घरामागं होती, न्हाणीच्या दगडावर बसलेली. हातात साधा मोबाईल, आवाज मोठा केलेला.

"कानाशी धर त्याच्या. आगं तुझ्या न्हाई, त्याच्या! धरला का?"

"धरला माय, बोल लवकर. जीभ लावून राहिला फोनला."

म्हातारीनं पदर नीट केला, बसल्या जागी जरा सरळ झाली आणि म्हणाली, "चांद्या, आज आवतण घे रे बाबा, उद्या जेवाया ये."

पलीकडून तिची लेक म्हणाली, "कान हालवला गं!"

मी पुढं झाले. "आजी, कोणाला आवतण देताय?"

"लेकीला," म्हातारी फोन पदरात लपवत म्हणाली. "कनेरगाव नाक्याला दिली ती. जावयाचा धाबा हाय."

"आणि लेक कान हलवते?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. मला हसून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "तिकडं तुमचा सालगडी ठाण्यात बसलाय. चोरीचा आळ आहे त्याच्यावर."

हसू तिथंच संपलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. लेकानं आईला सांगितलंच नव्हतं.

"त्यानं माझं नाव काहून न्हाई घेतलं? ती गाठ माझी हाय. मला आन् त्यालाच सुटती."

माझं पुढचं वाक्य ऐकायला ती थांबली नाही. चपला घालून जीपकडं निघाली. इतक्या वयाच्या बाईला ठाण्यात बोलावता येत नाही; पण ती आपण होऊन जीपमध्ये बसली तर उतरवणार कोण?

ठाण्यात शिरताच तिनं आधी सालगड्याला झाडलं. "मुडद्या, तोंड शिवलं व्हतं का तुझं?"

"तुमीच म्हणायच्या ना माय, घरातलं घरात ठिवावं."

मग ती माझ्याकडं वळली. "मी माहेराहून आणलेल्या गायीचा गोऱ्हा हाय तो. माझ्या हातावर वाढला. पोरगं इकून राहिलं म्हून जावयाला टेम्पो घेऊन बोलवलं. आता घाला मला आत. फकस्त उद्याचा पोळा होऊ द्या."

मागून फिर्यादी मोटारसायकलवर आला होता. तो दारातच उभा राहिला.  आईनं फक्त सालगड्याकडं बोट दाखवलं. फिर्यादी आत आला, त्याच्याशेजारी बाकावर बसला आणि म्हणाला, "उद्या जोडी तू धर."

सालगडी म्हणाला, "आणा आधी चांद्याला."

सकाळी टेम्पो चांद्याला घेऊन परत आला. आम्ही जबाब नोंदवले आणि फिर्याद गैरसमजुतीतून झाली असा अहवाल कोर्टात पाठवला. चांद्या विकला गेला नाही. पाडव्याला साल कोणाचं धरलं गेलं, हे सांगायला नकोच.

चौकशीत मी पुढं एक सवय लावून घेतली. माणूस खोटं बोलताना फार सावध असतो, तेव्हा त्याच्या बोलण्यावर फार वेळ घालवायचा नाही. त्याला काय केल्याशिवाय राहवत नाही, ते बघायचं. म्हातारीनं अख्ख्या गावापासून बैल लपवला, पण त्याला आवतण चुकवणं तिला जमलं नाही. सालगड्यानं नोकरी सोडली, घरातल्या माणसाचं नाव घेणं त्याला जमलं नाही. दोघांचेही स्वभाव मला त्यांच्या जबाबांपेक्षा तिथंच जास्त कळले.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी ठाण्यात काम करत होते. फोन वाजला. आवाज मोठा, मागं घुंगरं वाजत होती.

"बाई, वळखलं का? आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

बैलाला म्हणतात तेच शब्द, त्याच सुरात. मी गेले. पोळी मला दुसऱ्या पंगतीत मिळाली. पहिली चांद्याची होती.