आधी हात काढा

संक्रांतीनंतरच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी, पुंडलिकनगरातल्या आपल्या घरी हळदीकुंकू चालू असताना, आमच्या साडूंनी मेन ब्रेकर पाडला आणि घरभर अंधार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ताई, पिशोरला माहेरी निघून गेल्या.

साडूंइतका सावध माणूस मराठवाड्यात दुसरा नसेल. त्यांची सारी नोकरी वीजनिर्मिती केंद्रात, ब्रेकरच्या कंट्रोल सर्किटवर गेली. तिथला ब्रेकर म्हणजे कपाटाएवढा स्विच आणि त्याला हुकूम पोचवणाऱ्या बारीक तारा म्हणजे कंट्रोल सर्किट, हे त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत, जिलेबीवाल्याला हातानं थांबवून समजावलं होतं. "लावायला सतरा अटी. स्प्रिंग ताणलेली पाहिजे, ब्रेकरचा गाडा जागेवर पाहिजे, आधीचा फॉल्ट मिटलेला पाहिजे. एक जरी हुकली तरी लागणार नाय. पण पाडायला? कुणाला विचारायचं नाय! लागला नाही तर अंधार होतो, साडूबुवा. पडला नाही तर आग लागते." जिलेबीवाला तोवर पुढच्या ओळीत गेला होता.

निवृत्तीनंतर त्यांनी हीच पद्धत घराला लावली. बाहेर पडायचं तर गॅस, नळ, खिडक्या आणि चाव्या या चारही गोष्टींबद्दल ताईंनी आतून "तयार" म्हटल्याशिवाय स्कूटरला किक बसत नसे. एका भाचीच्या लग्नाला ही मंडळी पोचली तेव्हा मुलीची पाठवणी चालली होती. साडूंनी वरपित्याला शांतपणे सांगितलं, "मागची खिडकी 'तयार' दाखवत नव्हती."

दाराच्या बेलचा नियम त्याहून कडक. वीज केंद्रात म्हणे रिले नावाचा एक राखणदार खटका असतो. कुणी ब्रेकर लावायचा हत्था धरूनच ठेवला आणि पुढं फॉल्ट असला, तर ब्रेकर लागेल, पडेल, पुन्हा लागेल, पुन्हा पडेल आणि शेवटी फुटेल. म्हणून हा रिले एका हुकमाला एकदाच ऐकतो. पुन्हा लावायचा असेल तर आधी हत्था सोडावा लागतो. साडूंच्या घरी हा रिले म्हणजे स्वतः साडू. बेलवर अंगठा दाबून धरणाऱ्याला दार उघडत नसे. आतून आवाज येई, "आधी हात काढा!" सिलिंडरवाला एकदा सिलिंडर खांद्यावर घेऊन भांडला. शेवटी हात त्यालाच काढावा लागला.

दर शनिवारी संध्याकाळी ते मेन ब्रेकरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो की नाही हे बघत. त्या शनिवारी घरात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि ताईंच्या हातात कुंकवाचा करंडा होता. साडूंनी कुणाला विचारलं नाही. पाडायला विचारायचं नसतंच. दिवे गेले, करंडा एका नव्या पैठणीवर सांडला. त्याहून वाईट म्हणजे साडू ब्रेकर पुन्हा लावेनात. अंधारात त्यांचा आवाज येत राहिला, "मिक्सर बंद आहे का? फ्रिज? गिझर कुणी बघितला?"

"तुम्ही राहा तुमच्या त्या खटक्यासोबत," ताई म्हणाल्या. ब्रेकर लागला तेव्हा बायका चपला शोधत होत्या.

ताई गेल्यावर साडू फोन करू लागले. पहाटे, दुपारी, जेवताना. ताई फोन तोडत, ते पुन्हा लावत. पिशोरहून सासूबाईंनी माझ्या बायकोला कळवलं, "लई झालं त्याचं. भाकर सुदिक टाकू देत नाय. ही म्हनती, आता येतच नाय." ताईंनी आपला फोन ज्वारीच्या कोठीत ठेवला असल्याचंही त्यांनी सांगितलं. साडूंचं वजन उतरलं. दाढी वाढली. बाहेर पडताना खिडक्या उघड्या राहू लागल्या, हे मी स्वतः पाहिलं.

तेव्हा छावणी भागातून त्यांचे जुने सहकारी खाँसाहेब आले. दोघांनी वर्षानुवर्षं एकाच पॅनलसमोर डबे खाल्ले होते. मी तिथं बसलो होतो. साडूंचा अंगठा फोनवरच होता. खाँसाहेबांनी थोडा वेळ बघितलं.

"कायकू हत्था पकडके बैठा रे मियाँ?"

"उचलत नाय ती."

"कैसी उठाएगी? फॉल्ट वैसाच है, तू दबाएच जा रहा. सारी उमर हमकू सिखाया, आधी हात काढा. अब तेरा हात कौन काढेगा?"

साडूंनी फोन टेबलावर उपडा ठेवला. मग उठून चहा टाकला. साखर विसरले.

त्यानंतर पिशोरला फोन गेला नाही. सासूबाईंच्या सांगण्यानुसार, पहिल्या दिवशी ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, दुसऱ्या दिवशी फोन कोठीतून काढला, आणि मग तो चालू आहे का हे भावाला दोनदा विचारलं. शनिवारी संध्याकाळी त्यांनीच इकडे फोन लावला.

"टेस्ट केली का?"

"नाय."

"का बरं?"

"तुला विचारायचं राहिलं होतं," साडू म्हणाले.

मग ताई म्हणाल्या, "मी आल्यावर करा."

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी त्या पिशोरच्या बसनं परत आल्या. जिन्यात पिशवी खाली ठेवून त्यांनी बेल एकदाच दाबली आणि हात काढून घेतला. दार लगेच उघडलं.